फणी हरवलेली

आमच्या सोसायटीच्या फलकावर दर वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एक सूचना लागते: ‘दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या असून सभासदांनी टीव्ही व टेप यांचा आवाज घराबाहेर जाणार नाही याची दक्षता घ्यावी.’ यंदाही लागली. तेच सचिवांचं तिरपं अक्षर, तोच फिकट जांभळा शिक्का. कळंबोलीत ही सूचना थोडी विनोदी वाटते. इमारतीमागे हाकेच्या अंतरावर लोखंडाचा बाजार, म्हणजे यार्ड, आहे. सकाळी आठपासून तिथे ट्रेलरवरून सळयांचे भारे खाली टाकले जातात आणि त्या दणक्याने आमच्या मांडणीतल्या ताटल्या एकमेकींना हलकेच टेकतात. त्या आवाजाला दक्षता लागू नाही. माणसांच्या आवाजाला आहे.

‘आवाज घराबाहेर जाणार नाही’ हे शब्द माझ्या लक्षात राहिले ते या फलकावरून नाही. ते मी शालनआत्याच्या तोंडून ऐकले होते. तिच्या सासूचं ते वाक्य होतं, आणि त्यात टीव्ही किंवा टेपचा उल्लेख नव्हता.

माझ्या बारावीला आता पाच वर्षं झाली. त्या वर्षीचा फेब्रुवारी-मार्च माझ्या आठवणीत तापलेल्या लोखंडाच्या वासाचा आहे. दुपारी अकरानंतर खाडीकडचा वारा पडायचा, मग यार्डातल्या गंजाची बारीक, तांबूस पूड खिडकीच्या गजांवर, वह्यांच्या कडांवर, पाण्याच्या तांब्यावरच्या झाकणीवर बसायची. बोटाने पुसली की बोटाला रक्तासारखा वास यायचा. हा साम्याचा प्रश्न रसायनशास्त्राने सोडवला असणार असं मला तेव्हा वाटायचं, पण ‘अभ्यासक्रमात नाही’ म्हणून मी तो बाजूला ठेवला होता. त्या दोन महिन्यांत मी बरंच काही याच कारणासाठी बाजूला ठेवलं.

माझी आई दवाखान्यात परिचारिका. तिची दिवसपाळी. अप्पा, म्हणजे वडील, यार्डातल्या वजनकाट्यावर कारकून. त्यामुळे जानेवारीच्या शेवटी अप्पांची धाकटी बहीण साताऱ्याकडच्या तिच्या सासरहून आमच्याकडे आली, तेव्हा सगळ्यांना एकच कारण सांगण्यात आलं: पोरीची बारावी, घरात करणारं कुणी नाही. कारण पटण्यासारखं होतं. फक्त ती आली तेव्हा तिच्याजवळ पिशवी नव्हती, आणि तिच्या डाव्या मनगटावरच्या बांगड्यांपैकी दोनच शिल्लक होत्या.

त्याच आठवड्यात अप्पांनी केबलवाल्याला बोलावलं. परीक्षेपुरती केबल तोडणं ही तेव्हा आमच्या वसाहतीतली रीतच झाली होती. पण अप्पांचा विचार त्याहून खोल होता. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, आणि विज्ञान शाखेत आल्यापासून इंग्रजीशी झगडणारी.

“हिंदी-मराठी सगळं बंद कर,” ते म्हणाले. “इंग्रजी तेवढं राहू दे. पोरीचं इंग्रजी सुधारेल.”

केबलवाला जवळच्या गावातला, आगरी. त्याने गच्चीवरून खाली येत डोकं खाजवलं. “काका, इंग्रजी गान्यांचा एक चॅनेल हाय, तो ठेवतो. त्यान गान्यांचे मदी बोलतान पन इंग्रजीच.”

“मग झालं तर,” अप्पा म्हणाले.

अशा रीतीने बारावीच्या त्या पवित्र काळात आमच्या दोन खोल्यांत चोवीस तास फक्त परदेशी गाण्यांचे व्हिडिओ उपलब्ध होते. मला एक ते दीड जेवणाची सुटी होती. नेमक्या त्या अर्ध्या तासात त्या वाहिनीवर जुने व्हिडिओ लावत, बहुधा त्या वेळी कुणी पाहत नसेल या हिशेबाने. आम्ही दोघी पाहत होतो, ताटं मांडीवर घेऊन.

त्या संगीताला ग्लॅम मेटल म्हणतात, हे मला काही दिवसांनी गाण्यांमधल्या बोलण्यातून समजलं. सुरुवातीला दिसत होतं ते एवढंच: धुराने भरलेला मंच, मागून पडलेला निळा उजेड, आणि पाच-सहा जणांचं टोळकं. केस डोक्याभोवती हातभर फुललेले, पिवळेजर्द, जणू प्रत्येक केसाला सारखाच विद्युतभार देऊन एकमेकांपासून दूर ढकललेलं. डोळ्यांत काजळ, ओठांना रंग. अंगाला चिकटलेल्या चकचकीत विजारी, मनगटावर जाळीचे हातमोजे, माइकच्या दांडीला बांधलेल्या रंगीत ओढण्या. कुठून तरी पंख्याचा वारा सुटलेला असायचा. गिटारवाला उगीचच एखाद्या कड्याच्या टोकावर जाऊन उभा राहायचा. गाणं टिपेला पोचलं की मंचाच्या कडेने ठिणग्यांचे झोत उसळत. तशा ठिणग्या मी यार्डात गॅस कटरच्या रोज पाहत होते, पण त्यांच्यापुढे उभं राहून कुणी गात नव्हतं. एकदा अप्पा दुपारी घरी आले असताना मी त्यांना सांगितलं, याला मेटल म्हणतात, म्हणजे धातू. त्यांनी क्षणभर कान देऊन ऐकलं. “धातूच आहे,” ते म्हणाले. “पण हा आवाज काढायला यांना पैसे मिळतात. आमच्याकडे हमाल फुकट काढतो.”

आत्याने पहिल्याच दिवशी घास हातात धरून विचारलं होतं, “अगं बया! ह्या बाईची फणी हरवली का काय?”

मी हसले. आमटी ओरपत म्हटलं, “असेल.”

“आवाज बी बसलाय बिचारीचा. कुणीतरी आल्याचा रस द्या म्हणावं.” मग थोड्या वेळाने, “मागं ढोल बडवतीया ती बी बाईच?”

“हो.”

“अन् ह्यांचे नवरे?”

“घरी असतील, आत्या.”

“स्वयंपाक करत बसले असतील,” आत्या म्हणाली, आणि आल्यापासून पहिल्यांदा हसली.

मी तिची चूक तिथेच दुरुस्त करायला हवी होती. केली नाही, कारण माझ्या डोक्यात भौतिकशास्त्रातलं प्रकाशाचं व्यतिकरण होतं आणि ‘हो’ म्हणायला कमी वेळ लागतो. दुसऱ्या दिवसापासून ‘फणी हरवलेली’ हे आमच्या घरातलं एक माणूस झालं. एक वाजला की आत्या हाक मारायची, “शुभे, ये लवकर, फणी हरवलेली आली.” गायक बदलत, बँड बदलत. तिला ती सगळी एकच बाई वाटायची, आज काळ्या कपड्यांत, उद्या लाल. इंग्रजीचा तर प्रश्नच नव्हता. ती शब्द ऐकत नव्हती. एक बाई पाय फाकवून उभी राहते, मान मागे टाकते, घामाने निथळते, वाटेल तेवढं मोठ्याने ओरडते, आणि समोरचे हजारो लोक तिला गप्प बस म्हणत नाहीत, एवढं ती पाहत होती. काही तर हात वर करून रडत होते.

एकदा तिने फार गंभीरपणे विचारलं, “हिच्या अंगात कोन येतं गं?”

“म्हणजे?”

“आमच्याकडं बाईनं केस सोडून अशी मान घुमवली का अंगात आलं म्हनत्यात. मग तिनं कायबी वरडावं. सासऱ्याला अरे-तुरे करावं. समदी पाया पडत्यात. पन ते देवीचं असतं, बाईचं नसतं.” ती पडद्याकडे पाहत राहिली. “हितं देवी न्हाई, हळदकुंकू न्हाई. आपली आपनच वरडती.”

मी घड्याळ पाहिलं. एक सत्तावीस.

आत्या का आली होती, हे मला माहीत होतं. मला सांगितलं नव्हतं इतकंच. दोन खोल्यांच्या घरात माहिती लपत नाही, तिच्याकडे पाठ करून बसता येतं. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, तिच्यावर हात उचलत. तिने मारापेक्षा मोठा गुन्हा केला होता: मार बसताना ती ओरडली होती, आणि ते शेजारी ऐकू गेलं होतं. ‘बाईचा आवाज घराबाहेर गेला,’ असं सासू म्हणाली. त्या रात्री आत्या तशीच निघून आली. मामांनी निरोप पाठवला होता की पोरीचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी न्यायला येतो. अप्पांनी आत्याला सांगितलं होतं, “तू नाही म्हणालीस तर इथंच राहशील. तुझ्या वहिनीच्या दवाखान्यात आयाची जागा आहे, मी बोललोय. पण शालन, ते ‘नाही’ तुझ्या तोंडून यायला हवं, त्याच्यासमोर. मी तुझ्या वतीनं बोललो तर उद्या लोक म्हणतील, भावानं घर मोडलं.”

“म्हंजे तुझी लेखी अन् माझी तोंडी,” आत्या मला म्हणाली होती. तेही विनोदाने.

ती तयारी करत होती, हे मला मार्चच्या मध्यावर कळलं. मी दारामागच्या टेबलाशी होते. आत्या डोक्यावरून न्हाली होती आणि तिचे केस, जे मी कायम घट्ट अंबाड्यात पाहिले होते, कमरेखाली मोकळे होते. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद होता. पडद्यावर ठिणग्या उडत होत्या. आत्या पडद्यासमोर उभी होती, पाय थोडे फाकवून. तिने मान एकदा मागे टाकली, पुन्हा पुढे आणली. ओल्या केसांचे थेंब भिंतीवर उडाले. मग तिने तोंड उघडलं आणि यार्डात भारा पडण्याची वाट पाहिली. भारा पडला, तेव्हा त्या दणक्याखाली ती म्हणाली, “न्हाई.” पुन्हा थांबली. पुढचा भारा पडला. “न्हाई येत.”

मी पुस्तकात मान घातली. भिंतीवरचे थेंब वाळायला किती वेळ लागला हे मी सांगू शकेन, एवढं नीट मी ते पाहिलं.

गणिताचा पेपर शेवटचा होता. त्याच्या आदल्या दुपारी एक निश्चित संकल, म्हणजे डेफिनिट इंटिग्रल, सुटत नव्हता. तीन वेळा केला, तीन उत्तरं आली. जेवतानाही वही जवळ होती. पडद्यावर एक संथ गाणं चाललं होतं, सगळं कृष्णधवल, गायकाचा चेहरा अगदी जवळून. आत्या म्हणाली, “शुभे, ही एवढी वरडती. हिला घरी गेल्यावर कुनीच काय म्हनत नसंल?” मी ऐकलं नाही असं दाखवलं. तिने पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा, “सांग की गं. तुला इंग्रजी कळतं.”

मी पेन खाली ठेवलं. “आत्या, ती बाई नाही. तो बाप्या आहे.”

“कायतरी बोलू नगंस.”

“बघ ना नीट.” मी उठून पडद्याजवळ गेले. काचेवरचा विद्युतभार बोटांना चुरचुरला. मी पेन्सिलीने दाखवत गेले. “ही गळ्यातली घाटी. बायकांना असते का? हे हनुवटीवरचे खुंट. हे खांदे, ही कंबर. हा पुरुष आहे. मागचा ढोलवालाही पुरुष. सगळेच पुरुष आहेत, पहिल्या दिवसापासून.”

आत्याने गाणं शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, “म्हनूनच.”

“काय म्हणूनच?”

“काय न्हाई. तू गनितं कर.” तिने टीव्ही बंद केला, ताटं उचलली, आणि मोरीत जाण्याआधी दोन्ही हातांनी केसांचा अंबाडा घातला.

मला खरं सांगायचं तर समाधान वाटलं. एक चूक दुरुस्त झाली होती, आणि ती मी पुराव्यानिशी केली होती. मराठी माध्यमाच्या भूमितीत आम्ही प्रत्येक सिद्धतेच्या शेवटच्या ओळीआधी ‘म्हणून’ लिहीत असू. त्याच्या वरच्या ओळी पक्क्या असल्या की ‘म्हणून’च्या पुढे जे येईल ते मानावंच लागतं. मी आत्याला वरच्या ओळी दिल्या होत्या. खालची ओळ तिने स्वतः लिहिली, मनात, आणि मला दाखवली नाही. संध्याकाळी तो संकल सुटला.

दोन दिवसांनी मामा आले. पिशवीत भुईमुगाच्या शेंगा होत्या, गावच्या. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी चहा घेतला, माझे पेपर कसे गेले ते विचारलं. मी ‘चांगले’ म्हटलं. अप्पा म्हणाले, “शालन, तू बोल. जे असेल ते.”

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती तोंड उघडणार तोच यार्डात भारा पडला, लांबलचक, एकामागून एक सळई. आम्ही सगळे तो आवाज ओसरण्याची वाट पाहत राहिलो. पूर्ण शांतता झाली. त्या शांततेत ती म्हणाली, “येते.”

“चला मग,” मामा म्हणाले. “साडेतीनची गाडी हाय.”

अप्पा बराच वेळ शेंगांच्या पिशवीकडे पाहत होते. त्यांना मी कधी दोष देऊ शकले नाही. त्यांचं सारं आयुष्य वजनकाट्यावर गेलं. मालाचं वजन होताना काट्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा धर्म. त्या दिवशीही त्यांनी हात लावला नाही. दुसऱ्या पारड्यात आधीपासून काय काय रचून ठेवलेलं होतं ते मात्र कुणी उतरवलं नव्हतं. आणि तिच्या पारड्यात जे एकच काही होतं, ते मी परवाच्या दुपारी पेन्सिलीच्या टोकाने काढून घेतलं होतं.

मला गणितात उत्तम गुण मिळाले.

पुढे वसतिगृहात माझ्या खोलीतल्या मुलीकडे त्यातल्या काही बँडच्या कॅसेट होत्या. तिच्याकडून मला उरलेली माहिती मिळाली. आम्ही ती गाणी मांडीवर ताट घेऊन पाहत होतो, तेव्हा त्यांच्या देशात त्यांचा जमाना संपला होता. चौकड्यांचे ढगळ शर्ट घातलेली, खाली मान घालून गाणारी मुलं आली होती, आणि या काजळवाल्यांना लोक हसू लागले होते. आमच्यापर्यंत सगळं उशिरा पोचलं, उतरलेल्या किमतीत, दुपारच्या रिकाम्या वेळेत. ते ऐकून मला विचित्र दुःख झालं. पुरुषांनी काजळ घालून, केस पिंजून, निर्लज्जपणे ओरडावं आणि कुणी त्याला बायकी म्हणू नये, एवढी मोकळीक जगात कुठे तरी काही वर्षं होती. तीही टिकली नाही. नंतर त्या वाहिनीवर हिंदी गाणी आली, स्वच्छ दाढी केलेले निवेदक आले. एक ते दीडची ती वेळ कुणाला दिली गेली, मी पाहिलं नाही.

या फेब्रुवारीत मी आठवडाभर घरी होते. ऑगस्टमध्ये मला संशोधनासाठी परदेशी जायचं आहे, आणि त्याआधी भेटून जा म्हणून अप्पांनी आत्याला पत्र लिहिलं होतं. मधल्या पाच वर्षांत ती एकदाही आली नव्हती, मीही गेले नव्हते. जिन्यावर गलका झाला म्हणून मी दार उघडलं, तर तळमजल्यावरच्या बाया बाजूला सरकून तिला वाट देत होत्या. आत्या वर येत होती. कपाळभर कुंकू, आणि केस मोकळे. कमरेखालपर्यंत, अर्धे पांढरे, एकही गाठ नाही.

“एश्टीत बसाया जागा देत्यात आता,” ती आत येत म्हणाली. “उठून.”

जेवताना टीव्ही लावला. योगायोग म्हणावा तर म्हणा: जुन्या दिवसांवरचा कसलासा कार्यक्रम चालू होता, आणि आखूड केसांचा, पोट सुटलेला एक माणूस हसत हसत आपल्या केसांविषयी सांगत होता. मध्येच त्याच्या तरुणपणीच्या गाण्याचा तुकडा दाखवला.

“ह्यो कोन?” आत्याने विचारलं.

“तीच,” मी म्हटलं. “फणी हरवलेली.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी ‘तीच’ म्हटलं होतं, हे तिच्या ध्यानात आलं होतं. “फनी सापडली म्हनायची,” ती म्हणाली. “वाईट झालं.”

आई हात धुवायला गेली तेव्हा मी हळूच विचारलं, “आत्या, केस?”

“बांधता येत न्हाईत. देवीचे हायत.” ती ताटातला भात एका बाजूला ओढत होती. “तीन वर्सं झाली. त्यानं हात उगारला, अन् मी वरडले. पार वेशीपर्यंत गेला आवाज. केस सुटले व्हते, मान घुमवली. सासू म्हनाली, अंगात आलं. त्याचा हात तसाच खाली आला. पाया पडला माझ्या. तवापासून न्हाई उचलला. आता मंगळवारी लोक येत्यात इचारायला.”

“आणि तू काय सांगतेस?”

“सांगते, दारू सोड. सांगते, पोरीची शाळा काढू नगंस. ऐकत्यात.”

मला एक प्रश्न विचारायचा होता आणि तो विचारू नये हेही कळत होतं. तरी विचारला. “खरं सांग. कोण येतं अंगात?”

यार्डात भारा पडला. या वेळी आत्याने तो ओसरण्याची वाट पाहिली नाही.

“कोन येनार?” ती म्हणाली. “मीच की.”

मग माझ्या गुडघ्यावर आपला खरकटा नसलेला हात ठेवून, आवाज खाली घेऊन म्हणाली, “पन शुभे, कुठं बोलू नगंस हां. तुला खरं सांगायची लई खोड हाय.”

म्हणून या लेखात तिच्या गावाचं नाव नाही, आणि शालन हे तिचं नाव नाही.